जळला, भाजला, जाळला

मागच्या महिन्यात ‘पाणी’ या शब्दावर लिहिलं, तेव्हा एका वाचक भगिनीने पत्रात विचारलं, “पाणी झालं, आता आग कधी?” गंमतीने विचारलं असणार. पण आम्ही वहीत टिपून ठेवलं, कारण आगीच्या शब्दांवर लिहायचं आमच्या मनात बरीच वर्षं आहे आणि बरीच वर्षं आम्ही ते टाळतो आहोत. का टाळतो, ते पुढे येईलच.

आधी वर्गातली गोष्ट. आमच्या शाळेत पाचवीला जी मुलं येतात त्यातली निम्मी चौथीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली असतात. घरी दखनी बोलतात. मराठी त्यांना बाजारात, एसटीत, टीव्हीवर ऐकून येतं, लिहिता मात्र येत नाही. त्यांच्या वह्या तपासताना दरवर्षी एक वाक्य हमखास सापडतं: ‘संध्याकाळ झाली आणि मी लाईट जाळली.’ कुणी उदबत्ती जाळतं, कुणी मेणबत्ती, कुणी चूल. एका मुलाने तर मोहल्ल्यातल्या शादीचं वर्णन करताना सगळा मांडवच जाळला होता. त्याला फक्त रोषणाई केली एवढंच म्हणायचं होतं.

चूक मुलांची नाही. उर्दूत ‘जलाना’ हे एकच क्रियापद घरभर राबतं. चूल्हा जलाना, चिराग जलाना, खत जलाना, दिल जलाना. मराठीत मात्र या प्रत्येक कामाला वेगळा गडी आहे. दिवा लावायचा, चूल पेटवायची, कचरा जाळायचा. पापड भाजायचा, हात शेकायचे. दूध करपतं, भाकरी करपते, दुष्काळात उभं पीकही करपतं. गरम तव्याला बोट लागलं तर चटका बसतो, वाफेने पोळतं, वणव्यात माणूस होरपळतो. राग आला की आधी धुमसतो, मग भडकतो. निखारा रसरसतो आणि भट्टी धगधगते. पोरांना हे सांगताना आम्ही फळ्यावर आधी चूल काढतो आणि चुलीच्या भोवती एकेक शब्द लिहीत जातो. पोरं म्हणतात, “मॅडम, इतके शब्द? आमच्यात एकातच होतं.”

तसं एकातच होतं असंही नाही. उर्दूची श्रीमंती दुसऱ्या तिजोरीत आहे. फारसीतून आलेला ‘सोज’ घ्या. सोज म्हणजे जळणं, पण तो शब्द चुलीपाशी कधी फिरकत नाही. आवाजात सोज असतो, दुआत सोज असतो. मर्सिया ज्या एका ढंगात गातात त्या ढंगालाच सोज म्हणतात. आणि ‘दिलसोजी’ म्हणजे शब्दशः काळीज जळणं, अर्थ मात्र दुसऱ्याविषयीची कळकळ, मनापासूनची हमदर्दी. आता हाच अर्थ देशी शब्दांनी सांगायला जा आणि ‘दिल जलाना’ म्हणा: लगेच भांडण. एकच काळीज, एकच आग, पण फारसी शब्दात दया आणि देशी शब्दात छळ.

यावरून आमच्याच घरात महाभारत झालेलं आहे. आमची अम्मी दापोलीकडची. तिची बोली कोकणी, म्हणजे मराठीच्या जवळची. दादी मराठवाड्यातली, अस्सल दखनी. अम्मी लग्न होऊन आली तेव्हा तिला दखनी धड येत नव्हतं, मनातल्या मनात भाषांतर करून बोलायची. एकदा दादीला ताप आला आणि ती औषध घेईना. मराठीत आईचा लेकरासाठी, लेकीचा आईसाठी जीव जळतो. तेच अम्मीने सासूला काकुळतीने सांगितलं, “आपके वास्ते मेरा जी जलता.” दादी ताडकन उठून बसली. संध्याकाळी अब्बा घरी आले तर त्यांना उंबऱ्यातच वार्ता: “बहू मेरे से जलती बोलके मेरे मुँह पे बोली!” ताप त्या भानगडीत उतरला, ही त्यातली खैरियत. अम्मी पुढे तीस वर्षं त्या घरात राहिली, उत्तम दखनी बोलायला शिकली. पण जीव जळण्याची गोष्ट तिने दादीला परत कधी सांगितली नाही. फार तर म्हणायची, “फिकर होती.”

कोकणातल्या बायकांचं ‘जळणं’ आणखी निराळं. “जळलं मेलं ते लक्षण”, “जळो तुझं तोंड”, हे नानी दिवसातून दहा वेळा म्हणायची, आणि त्यातले आठ वेळा लाडाने. आम्ही नाचून आलो, चिखल तुडवून आलो, तिच्या पानदानातली सुपारी पळवली की तोंड जळायचं. पण कुणी मैयत झाली, कुणाचं घर बसलं, तेव्हा तिच्या तोंडून हा शब्द चुकूनही निघायचा नाही. जिथे खरी आग लागली आहे तिथे आगीचा शब्द वापरायचा नाही, हे तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

आता ज्या अर्थाने हा शब्द सर्वांत जास्त वापरला जातो त्याकडे येऊ. शेजारणीचा नवा फ्रीज पाहून जे होतं ते. मराठीत माणूस जळतो, जळफळतो, त्याच्या अंगाचा तिळपापड होतो, नाहीतर सरळ पोटात दुखतं. उर्दूत त्याला ‘जलन’ म्हणतात. इथे मुलं नेहमी फसतात. मराठीत ‘जळण’ म्हणजे चुलीत घालायची लाकडं, गोवऱ्या, काटक्या. ‘अम्मीने जळण आणलं’ असं वाचून एक उर्दूवाला मुलगा वर्गात खो खो हसला होता, कारण त्याला वाटलं अम्मी बाजारातून मत्सर घेऊन आली.

हसलो आम्हीही. पण घरी गेल्यावर वाटलं, पोराने नकळत मोठी जागा दाखवली. हसदविषयी जी हदीस आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक बयानात येते, अबू दाऊदच्या संग्रहातली, तिच्यात दाखला हाच आहे: हसद माणसाच्या नेकीचा फडशा पाडते, जसा विस्तव लाकडांचा. आपल्याला वाटतं की आपण दुसऱ्यावर जळतो आहोत. त्या दाखल्यात मात्र चुलीत जातं ते आपलंच जळण. नमाज, रोजे, खैरात, पै पै करून रचलेली मोळी. शेजारणीचा फ्रीज जागच्या जागी थंड.

अरबीतल्याही दोन गोष्टी सांगून टाकतो, म्हणजे मग मूळ विषयाकडे जाता येईल. ‘नार’ म्हणजे आग आणि ‘नूर’ म्हणजे उजेड, दोन्ही एकाच धातूतून निघालेले शब्द. आणि ‘रमजान’ हा शब्द ज्या धातूतून आला त्याचा अर्थ कडक ताप, उन्हाने पोळलेली जमीन. मे महिन्यात रोजे आले होते त्या वर्षी वर्गात हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, “मॅडम, हे सांगायची गरज नव्हती, कळतंय.”

उर्दू शायरीतला परवाना आणि शमा यांच्याविषयी लिहावं अशी अपेक्षा असेल. आम्ही लिहिणार नाही. शेकडो वर्षं तो पतंग त्या मेणबत्तीवर जळतो आहे आणि आपण वाहवा करतो आहोत. कॉलेजात असताना आम्हीही केली. पण एका वयानंतर, विशेषतः एका वहीनंतर, जळण्याची वाहवा करणं आम्हाला जमेनासं झालं.

ती वही बारा वर्षांपूर्वीची. मुलगी सहावीत होती. नाव लिहीत नाही, गावही लिहीत नाही. आज ती मोठी झाली आहे आणि हे लिहायला तिची परवानगी घेतली आहे. निबंधाचा विषय होता ‘माझी आई’. दीड पान. त्यात नेहमीप्रमाणे ‘मगरीबला अम्मी लाईट जाळते’ होतं. आम्ही लाल शाईने ‘जाळते’ खोडून ‘लावते’ लिहिलं. पुढच्याच ओळीत होतं, ‘रविवारी अम्मीचा हात जाळला.’ आम्ही तेही खोडलं आणि वर लिहिलं ‘भाजला’. समासात सूचनाही केली: ‘शरीराला आग लागली किंवा चटका बसला तर भाजला. जाळला नव्हे.’ अर्धा गुण कापला. चाळीस वह्या होत्या. पुढची घेतली.

वह्या परत दिल्यावर मधल्या सुट्टीत ती टेबलापाशी आली. वही उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणाली, “मॅडम, हे भाजला नाही.”

आम्ही व्याकरण सांगायला लागलो. आमचा धंदाच तो. “बेटा, जळणे आणि जाळणे वेगळं. आपोआप होतं ते जळणे. कुणीतरी करतं ते जाळणे. काना आला की कुणीतरी करणारा लागतो. तू लिहिलंस ‘हात जाळला’. मग कुणी जाळला, असा प्रश्न पडतो ना?”

ती म्हणाली, “हो.”

एवढंच. “हो” म्हणाली आणि उभी राहिली. आम्हाला समजायला किती वेळ लागला ते सांगता येत नाही. बाहेर पोरं लंगडी खेळत होती.

त्या दिवशी आम्हाला आमच्या आवडत्या ‘भाजला’ या शब्दाची ओळख पटली. मराठीतलं हे मोठं सोयीचं क्रियापद आहे. पापड भाजला म्हटलं तर कुणीतरी भाजलेला असतो. हात भाजला म्हटलं तर कुणीच नसतं. हात असतो, आग असते, बस. आमच्या लहानपणी वर्तमानपत्रात आतल्या पानावर दोन ओळींच्या बातम्या यायच्या, स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली. दर काही दिवसांनी कुठलातरी स्टोव्ह भडकायचा, आणि भडकला की त्याला नेमकी घरातली सूनच सापडायची. त्या बातम्यांतही ‘भाजली’च असायचं. शुद्ध मराठी. खोडायला काही जागा नाही.

आम्ही तिच्या घरी गेलो, स्कॉलरशिपच्या फॉर्मचं निमित्त काढून. तिच्या अम्मीने चहा केला. उजव्या मनगटाच्या वरच्या अंगाला उलथन्याच्या पात्याएवढा सरळ डाग होता, त्यावर निळी शाई फासलेली. (आमची दादीही भाजल्यावर शाईच लावायची. लावू नका. शाई नको, टूथपेस्ट नको, तूप नको. भाजलेला भाग वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा, मग दवाखाना.) आम्ही हाताकडे पाहिलेलं तिने पाहिलं आणि न विचारता म्हणाली, “रोटी डालते जल गया.” तव्यावर रोटी टाकताना मनगटाच्या वरच्या बाजूला असा सरळ पट्टा उमटत नाही, हे रोज रोट्या करणाऱ्या कुठल्याही बाईला कळतं. दारात बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, “ध्यान किधर रहता इसका? हात जला ली.”

पाहा, उर्दूने एकाच हाताची तीन वाक्यं केली. आईचं ‘जल गया’: कुणीच केलं नाही. सासूचं ‘जला ली’: तिनेच करून घेतलं, तिचीच गफलत. आणि पोरीने मनात ‘जला दिया’ ठेवून त्याचं मराठी केलं होतं: ‘जाळला’. कर्ता लिहायची हिंमत नव्हती, म्हणून जागा रिकामी सोडली होती. त्या रिकाम्या जागेला आम्ही चूक समजलो.

यानंतर आम्ही लगेच काही केलं असं वाटत असेल तर तसं नाही. आठ दिवस काही केलं नाही. घरातली बात आहे, नवरा-बायकोत पडू नये, मुलीचं शिक्षण थांबेल, मोहल्ल्यात बोलतील, ‘मॅडम घर फोडतात’ म्हणतील. हे सगळं आम्ही स्वतःला शुद्ध मराठीत आणि शुद्ध उर्दूत समजावलं. त्या आठ दिवसांत एक किस्सा सारखा डोक्यात यायचा. हाही अबू दाऊदच्याच संग्रहातला. प्रवासात काही सहाबींनी मुंग्यांचं वारूळ जाळलं. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांच्या नजरेला ते पडलं, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा की हे कुणी जाळलं. सहाबींनी सांगितलं, आम्ही. मग त्यांनी समजावलं की आगीची शिक्षा द्यायचा हक्क आगीच्या मालकाखेरीज कुणालाच नाही. हा किस्सा आम्ही बयानात अनेकदा ऐकला होता आणि प्रत्येक वेळी शेवटचा भाग लक्षात ठेवला होता. आता पहिला लक्षात यायला लागला. मुंग्यांच्या वारुळाबद्दलसुद्धा ‘कुणी’ हे विचारलं गेलं होतं. आणि उत्तर देणारे ‘जळलं असेल’ म्हणाले नव्हते.

नवव्या दिवशी मुख्याध्यापिका बाईंना सांगितलं. त्यांनी आम्हाला आठ दिवसांबद्दल जे सुनावलं ते इथे छापत नाही. मुलीच्या मामूंना निरोप गेला, ते दुसऱ्याच दिवशी एसटीने आले. साधा माणूस, गॅरेजमध्ये काम करणारा. बहिणीला आणि भाचीला घेऊन गेले. शाळा बुडू नये म्हणून मुलीला पुढे आठ-दहा दिवसांनी आमच्या गल्लीतल्या तिच्या खालांकडे ठेवलं.

२००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडे अर्ज करता येतो, ते अहवाल तयार करून मॅजिस्ट्रेटकडे पाठवतात, आणि त्यासाठी तलाक घ्यावा लागत नाही, घरही सोडावं लागत नाही, हे आमच्यापैकी फक्त मुख्याध्यापिका बाईंना ठाऊक होतं. (१८१ हा महिलांचा मदतीचा फोन आता आहे. वाचक भगिनींनी तो भिंतीवर नाही, डोक्यात लिहून ठेवावा. भिंतीवरचं सगळेच वाचतात.) अर्ज मराठीत द्यायचा ठरला आणि अम्मीला मराठी लिहिता येत नव्हतं. म्हणून खालांच्या घरी, मशिनीच्या टेबलावर आम्ही लिहायला बसलो. ती सांगणार, आम्ही लिहिणार.

लग्न कधी झालं, मुलं किती, हे झालं. मग रविवार आला. ती म्हणाली, “उस दिन मेरा हात जल गया.”

आम्ही पेन उचललं नाही. पुढचं काय लिहायचं ते आम्हाला ठाऊक होतं. ‘जाळला’ असं लिहून टाकणं फार सोपं होतं. पण आधीच एकदा आम्ही या घरातलं वाक्य आमच्या मनाने बदललं होतं. ज्याचं वाक्य त्याने सांगायला हवं. आम्ही फक्त म्हणालो, “भाबी, जल गया लिखूँ?”

बराच वेळ कुणी बोललं नाही. मुलगी दाराशी जमिनीवर बसून दप्तराची चेन उघडबंद करत होती. तिची अम्मी तिच्याकडे न बघता, आमच्याकडेही न बघता, मशिनीच्या चाकाकडे बघत म्हणाली, “नहीं. जलाया. उनों जलाया. उलथने से.”

आम्ही लिहिलं: ‘माझ्या पतीने उलथने तापवून माझा उजवा हात जाळला.’ काना काढताना कधी नव्हे इतकी रेघ जाड आली. वाचून दाखवलं. तिने “जाळला” हा शब्द आमच्या मागे एकदा म्हणून पाहिला, ळ नीट न येऊन “जाला” असा. मग अंगठा पुढे केला. आम्ही म्हणालो, सही येते ना तुम्हाला? येत होती. उर्दूत केली.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते आमचं नाही. संरक्षणाचा आदेश निघाला, खर्चाची रक्कम ठरली, ती कधी मिळाली कधी नाही. दीड वर्षाने ती त्या घरात परत गेली, स्वतःच्या अटींवर, वेगळ्या खोलीत, वेगळ्या चुलीवर. बरोबर केलं की चूक, हे ठरवायला आम्ही कोण? ओळखीचे काही जण अजून आम्हाला पाहून सलाम करत नाहीत. मुलगी बारावीपर्यंत आमच्या गावातच शिकली, आता जिल्ह्याच्या ठिकाणी नर्सिंगला आहे. मागे भेटली तेव्हा सांगत होती, तिची ड्यूटी सध्या जळीत वॉर्डात आहे. तिथे केसपेपर इंग्रजीत भरतात. पण नातेवाइकांना विचारायचं मराठीत आणि हिंदीत असतं, आणि तो प्रश्न ती स्वतः विचारते.

त्या निबंधाचा अर्धा गुण आम्ही त्याच आठवड्यात तिला परत दिला. ‘भाजला’ खोडलं आणि तिचा ‘जाळला’ पुन्हा वर लिहिला, समासातली सूचनाही खोडली. तिने वही निरखून पाहिली आणि विचारलं, “आणि लाईट जाळते, त्याचा मॅडम?”

त्याचा नाही दिला. लाईट लावतात.